छिंग-हाओ : चीनच्या माळावरचा दवणा

पावसाळा ओसरू लागला आणि खाचखळग्यांतील पाणी साचून निवळले, की आपल्या देशातील पुष्कळ घरांत एक जुना रोग डोके वर काढतो. आधी जांभया येतात, मग पाठीच्या कण्यातून शिरशिरी उठते आणि पाहता पाहता चार पांघरुणे घातली तरी न हटणारी हुडहुडी भरते. थोड्या वेळाने ताप चढतो, अंग तव्यासारखे तापते, डोके ठणकते. शेवटी दरदरून घाम सुटून रोगी गळून पडतो. मधला एक दिवस बरा जातो आणि पुढल्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा तोच प्रकार. आपल्या आज्यापणज्यांनी या दुखण्यास हिवताप म्हटले आणि त्याच्या पाळीवरून एकांतरा, तिजारी अशी नावे ठेवली. इंग्रजी अमदानीत 'मलेरिया' हा शब्द आला व तोही आता घरचाच झाला आहे.

चीनमधील लोकांनाही हा ताप फार प्राचीन काळापासून परिचित आहे. आळीपाळीने येणाऱ्या थंडीतापास त्यांच्या भाषेत 'न्युए' असा स्वतंत्र शब्द असून त्यांच्या अगदी जुन्या वैद्यकग्रंथांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९४० च्या सुमारास त्या देशात दरवर्षी अदमासे तीन कोटी लोकांना हिवताप होत असे. ३० जून २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने चीन हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशात डासांचा नाश, पाण्याचा निचरा, मच्छरदाण्या आणि खेडोपाडी फिरणारे आरोग्यसेवक यांचा वाटा मोठा आहे. परंतु एका रानटी झुडपानेही या कामी हातभार लावला आणि तो चीनपुरता न राहता सर्व जगाच्या उपयोगी पडला. त्या झुडपाची हकीगत या महिन्याच्या पानावर सांगावयाची आहे. ती सांगण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. हल्ली या वनस्पतीच्या सुक्या पानांचा 'चहा' हिवतापावर गुणकारी म्हणून विकला जातो, आणि 'वनस्पतीच ती, अपाय काय होणार?' असे म्हणणारी वडीलधारी माणसे प्रत्येक घरात असतात.

वनस्पतीचे नाव छिंग-हाओ. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ॲनुआ. शेवंती, सूर्यफूल, झेंडू यांच्याच मोठ्या कुळातील ही एक वर्षायू वनस्पती. वसंतात उगवते, पुरुषभर उंच होते, उन्हाळ्याच्या अखेरीस फुलते आणि बी टाकून मरून जाते. नदीकाठ, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा, पडीक जमीन ही तिची वसतिस्थाने. पाने गाजराच्या पाल्यासारखी, पिसाप्रमाणे बारीक चिरलेली. फुले मोहरीच्या दाण्याएवढी, पिवळसर व खाली मान घातलेली. बी तर इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक मावते. पान चुरगळले की कापरासारखा उग्र, गोडसर दर्प येतो आणि तो बोटांना बराच वेळ चिकटून राहतो.

हा वास वाचून आमच्या कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांस काही आठवले असेल. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा याच आर्टेमिसिया वंशातला. नागदवणाही त्यातलाच, आणि जंतांवर पूर्वी घरोघरी देत तो किरमाणी ओवाही त्यातलाच. या वंशात शेकडो जाती आहेत व जगातील बहुतेक समाजांनी त्यांपैकी एखादी तरी जवळ केली आहे. चीनमध्ये पाचव्या महिन्याच्या पंचमीस घराच्या दाराशी जी झुडपे टांगतात ती याच वंशातील दुसऱ्या एका जातीची. तिला 'आय' म्हणतात, व तिच्याच वाळलेल्या पानांची लव पेटवून अंगास शेक देण्याची त्यांची पद्धत आहे. छिंग-हाओ ही तिची रानटी बहीण. चुलत भावंडांत चेहरा जुळतो म्हणून गुणही जुळतील असे मात्र नाही. दवण्याने हिवताप जात नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

नावाच्या बाबतीत थोडे थांबावे लागेल. अनुवादाच्या टेबलावर दिवस घालविणाऱ्यास वनस्पतींच्या नावांची धास्ती असते, आणि या वनस्पतीने ती धास्ती योग्य ठरविली आहे. 'हाओ' हा चिनी भाषेत या जातीच्या अनेक सुगंधी रोपांस लागणारा शब्द; 'छिंग' म्हणजे हिरवा-निळा. अकराव्या शतकातील शेन क्वो नावाच्या चिकित्सक पंडिताने तेव्हाच नोंदविले होते की, छिंग-हाओ म्हणून दोन प्रकारची रोपे ओळखली जातात. शरद ऋतूत एक पिवळे पडते, दुसरे हिरवे राहते. सोळाव्या शतकात ली शी-चेन यांनी आपल्या प्रचंड औषधिकोशात, जो १५९६ मध्ये छापला गेला, छिंग-हाओ आणि 'पिवळ्या फुलाचा हाओ' अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या. पुढे आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांनी छिंग-हाओ हे नाव भलत्याच जातीस दिले, आणि जिच्यात हिवतापाचे औषध आहे तिला पिवळ्या फुलाचा हाओ म्हटले. म्हणजे पुस्तकातील नाव वाचून कोणी रानात गेला असता तर तो निरुपयोगी रोपाची मोळी घेऊन परतण्याचा संभव होता. आपल्याकडे 'ब्राह्मी' म्हणून एका प्रांतात एक आणि दुसऱ्या प्रांतात दुसरेच रोप दिले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

या वनस्पतीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख एका थडग्यात सापडला. हूनान प्रांतातील छांग-शा शहराजवळ मा-वांग-त्वेई येथे १९७३ मध्ये उत्खनन झाले. त्यातील तिसरे थडगे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेले होते. आत रेशमी वस्त्रावर लिहिलेली पुस्तके निघाली व त्यांपैकी एकात बावन्न रोगांवरील उपाय होते. तेथे छिंग-हाओ आहे. मात्र ती मूळव्याधीवर सांगितली आहे. तापावर ती येते आणखी पाच शतकांनी, को हुंग यांच्या पुस्तकात.

को हुंग हे चौथ्या शतकातील एक विद्वान. किमया आणि दीर्घायुष्य यांच्या शोधात आयुष्य घालविलेला हा मनुष्य गोरगरिबांच्या उपयोगाचे एक छोटे पुस्तक मागे ठेवून गेला. पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो, कोपरामागे बाळगावयाचे उपाय. चिनी अंगरख्याच्या रुंद बाहीत कोपरापाशी वस्तू ठेवण्याची सोय असे. तेथे मावेल, अडीअडचणीस चटकन काढता येईल, असे ते पुस्तक. आपल्या 'बटव्या'ची आठवण व्हावी असेच हे नाव आहे. महागडी, दुर्मिळ द्रव्ये टाळून बांधावर, कुंपणाला मिळेल ते सांगण्याकडे त्यांचा कल होता. पाळीच्या तापावर त्यांनी जे अनेक उपाय दिले त्यांत एक छिंग-हाओचा आहे. मूठभर रोप घ्यावे, दोन 'शंग' म्हणजे सुमारे दोन पेले पाण्यात भिजवावे, पिळून रस काढावा आणि तो सगळा पिऊन टाकावा, एवढाच त्याचा आशय आहे. चूल पेटविण्याचे त्यात कोठेही सांगितलेले नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आयुर्वेदाची परंपरा आहे त्यांना यातील मर्म लगेच समजेल. आपल्या शास्त्रात वनस्पतीचा गुण पाण्यात किंवा रसात उतरविण्याचे पाच प्रकार मानले आहेत. ओले रोप कुटून पिळले तर तो स्वरस. वाटून गोळा केला तर कल्क. पाण्यात उकळून आटविले तर क्वाथ, म्हणजे आपला काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवून गाळले तर हिम, आणि कढत पाणी ओतून गाळले तर फांट. प्रत्येक द्रव्यास प्रत्येक प्रकार चालत नाही, म्हणूनच शास्त्रकारांनी ही पाच नावे वेगवेगळी ठेवली. पण व्यवहारात आपण सगळ्याचा काढाच करतो. तुळस असो, गवती चहा असो, गुळवेल असो, पातेले चुलीवर चढलेच म्हणून समजावे. चीनमध्येही तसेच झाले. तेथील औषधालयांत पुडी बांधून मिळे आणि घरोघर मातीच्या भांड्यात ती उकळली जाई. को हुंग यांचा उपाय स्वरस आणि हिम यांच्या सीमेवरचा. त्यांच्या पुस्तकात तो सोळाशे वर्षे तसाच लिहिलेला राहिला.

आता विसाव्या शतकात येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापावर क्लोरोक्विन हे स्वस्त आणि उत्तम औषध मिळाले होते. आपल्या देशात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोक या तापाने आजारी पडत व आठ लाख मरत, तेथे १९६० नंतरच्या काही वर्षांत रोग्यांची नोंद लाखाच्या घरात आली. पण जंतू स्वस्थ बसले नव्हते. दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात क्लोरोक्विनला दाद न देणारे हिवतापाचे जंतू १९६० च्या सुमारास आढळले. व्हिएतनामच्या युद्धात जंगलात लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांना या तापाने ग्रासले. अमेरिकी संशोधकांनी नव्या औषधाच्या शोधात दोन लाखांहून अधिक रसायने तपासली. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली.

२३ मे १९६७ रोजी बीजिंग येथे यासाठी एक गुप्त बैठक भरली आणि त्या दिनांकावरूनच योजनेला '५२३' हे नाव पडले. सांस्कृतिक क्रांतीचे ते दिवस. विद्यापीठे बंद, प्राध्यापक खेड्यांत धाडलेले, ज्येष्ठ शास्त्रज्ञांवर संशयाची नजर. अशा वेळी १९६९ च्या जानेवारीत बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक संस्थेतील एका अडतीस वर्षांच्या औषधशास्त्रज्ञ स्त्रीवर या योजनेच्या एका गटाचे नेतृत्व सोपविण्यात आले. त्यांचे नाव तू यूयू. (आडनाव 'तू', चिनी रीतीप्रमाणे ते आधी येते. मराठी वाचकास थोडे अडखळावयास होईल, म्हणून येथून पुढे आम्ही त्यांना यूयूबाई म्हणू.) निंगपो शहरात ३० डिसेंबर १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी मुलीचे नाव चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहातून घेतले. 'यूयू' हा हरणांच्या हाकेचा ध्वनी; माळावर चरणारी हरणे एकमेकांना साद घालतात असे त्या कवितेत वर्णन आहे, आणि योगायोग असा की, त्याच कवितेत पुढे ती हरणे जे गवत खातात त्याचे नाव 'हाओ' आहे.

यूयूबाईंपाशी डॉक्टरेट नव्हती. त्या परदेशात शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि नंतर अडीच वर्षे पारंपरिक चिनी वैद्यकाचा अभ्यास केला होता. दोन्ही भाषा जाणणारा दुभाषा जसा असावा तशी ही तयारी होती. नेमणूक झाल्यावर त्या दक्षिणेकडील हैनान बेटावर, जेथे हिवतापाचा कहर होता, तेथे गेल्या. यजमान त्या वेळी खेड्यात श्रमासाठी पाठविलेले. म्हणून चार वर्षांची थोरली मुलगी बीजिंगच्या बालगृहात ठेवली आणि धाकटी निंगपोला आजोळी. बाई परतल्या तेव्हा थोरली त्यांना ओळखेना. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी हे सांगितले आहे ते अगदी थोडक्या शब्दांत, तेव्हा आम्हीही त्यात भर घालीत नाही.

जुने ग्रंथ, हस्तलिखिते, वृद्ध वैद्यांच्या मुलाखती यांतून त्यांच्या गटाने सुमारे दोन हजार उपाय गोळा केले आणि त्यांपैकी ६४० निवडून १९६९ च्या एप्रिलमध्ये एक पुस्तिका सिद्ध केली. मग अर्क काढण्यास सुरुवात झाली. सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क हिवताप झालेल्या उंदरांना देऊन पाहण्यात आले. छिंग-हाओच्या अर्काने एकदा जंतूंची वाढ ६८ टक्क्यांनी रोखली. सर्वांना आनंद झाला. पुन्हा प्रयोग केला तर तोच आकडा १२ ते ४० टक्क्यांवर आला. एकदा लागू पडणारे व एकदा न पडणारे औषध हे न लागू पडणाऱ्या औषधापेक्षाही संशोधकास अधिक छळते.

बाई पुन्हा ग्रंथांकडे वळल्या व को हुंग यांचा तो उपाय पुन्हा वाचू लागल्या. त्या चार शब्दांत त्यांना जे दिसले ते पूर्वी हजारो वाचकांना दिसले नव्हते. भिजवा आणि पिळा असे म्हणणाऱ्या मनुष्याने उकळा असे का म्हटले नाही? कदाचित उष्णतेनेच गुण जात असेल. शिवाय ताजे पिळावयाचे म्हटल्यावर रोप कोणत्या महिन्यातले, त्याचे कोणते अंग, हेही प्रश्न आलेच. त्यांनी पाणी आणि मद्यार्क बाजूस ठेवून ईथर वापरले. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते, म्हणजे उन्हाळ्याच्या हवेनेही ते उडून जाते. त्यामुळे अर्क तापवावा लागत नाही. औषध पानांत आहे, देठांत नाही, हेही ध्यानात आले. अर्कातील आम्लयुक्त विषारी भाग वेगळा काढून उरलेला घेतला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांना दिला गेला आणि त्यांच्या रक्तातील जंतू शंभर टक्के नाहीसे झाले. माकडांतही तेच आढळले.

यात आम्हांस विशेष वाटते ते हे. आमच्या व्यवसायात जुन्या ग्रंथातील 'पिळून रस काढावा' या क्रियापदाचे 'काढा करावा' असे भाषांतर कोणीही सहज केले असते, आणि संपादकानेही ते तसेच जाऊ दिले असते. अर्थ साधारण तोच, वाचकाच्या सवयीचा शब्द, वाक्यही सुबक! त्या सुबक वाक्यात औषध मात्र उरले नसते. असो.

पुढचा टप्पा कारखान्यांचा. पण ते बंद होते. तेव्हा घरगुती पाण्याचे मोठे रांजण आणून त्यांत ईथर ओतून पाने भिजविण्यात आली. खोलीत पुरेशी हवा खेळत नव्हती, तोंडावर साध्या कापडी पट्ट्या. कित्येकांना चक्कर, नाकातून रक्त असे त्रास झाले. यूयूबाईंच्या यकृतास इजा पोचली. औषध तयार झाले तेव्हा काही प्राण्यांत विषारी परिणाम दिसल्याची शंका निघाली आणि हिवतापाचा हंगाम तर निघून चाललेला. तेव्हा १९७२ च्या जुलैमध्ये यूयूबाई व त्यांचे दोन सहकारी यांनी रुग्णालयात दाखल होऊन तो अर्क प्रथम स्वतः घेतला. काही अपाय झाला नाही. त्याच वर्षी हैनानमध्ये २१ आणि बीजिंगमध्ये ९ रोग्यांवर उपचार झाले व त्यांचा ताप उतरला. नोव्हेंबरात शुद्ध स्फटिक हाती आले. त्याला नाव दिले छिंग-हाओ-सू, म्हणजे छिंग-हाओचे सत्त्व. जग त्याला आर्टेमिसिनिन म्हणते. पुढील वर्षी त्याच्या गोळ्या करून दिल्या तर गुण येईना. तपासता असे आढळले की, गोळ्या इतक्या घट्ट झाल्या होत्या की त्या पोटात नीट विरघळतच नव्हत्या. स्फटिक कॅप्सूलमध्ये भरून दिले आणि ताप उतरला.

हे सर्व एकाच बाईंचे काम होते असे समजणे अन्यायाचे होईल. युन्नान आणि शांतुंग येथील संशोधकांनीही स्वतंत्रपणे हे सत्त्व वेगळे केले. शांघायच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडण्यास मदत केली व त्यापासून आर्टिमेथर बनविले. क्वेलिनमध्ये आर्टेसुनेट तयार झाले. १९७७ मध्ये पहिला निबंध छापला गेला त्यावर कोणाचेही व्यक्तिगत नाव नव्हते, कारण त्या काळची तशी रीतच होती. यूयूबाईंचे नाव जगास खऱ्या अर्थाने समजले ते २०११ चे लास्कर पारितोषिक आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर. तेव्हा त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पारितोषिक कोणाचे, प्राचीन वैद्यकाचे की आधुनिक रसायनशास्त्राचे, असा वाद त्या वेळी रंगला. आमच्या मते को हुंग यांच्या पुस्तकाने कोठे पाहावे व कसे हाताळावे हे सांगितले. किती द्यावे, किती दिवस द्यावे आणि कशाबरोबर द्यावे हे ते सांगू शकत नव्हते, आणि रोगी जगतो तो या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर.

औषधाची करणी समजण्यासारखी आहे. या सत्त्वाच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा जंतू आपल्या तांबड्या पेशीत शिरून तेथील रक्तद्रव्य खातो, आणि खाताना त्यातील लोहयुक्त भाग मोकळा होतो. त्या लोहाशी गाठ पडताच हा पूल तुटतो व जी उग्र द्रव्ये निर्माण होतात ती जंतूलाच जाळतात. जंतूने आपल्या भोजनानेच आपल्यावर आग ओढवून घ्यावी, असा हा प्रकार आहे. परिणाम इतका जलद, की एकदोन दिवसांत रक्तातील बहुतेक जंतू नष्ट होतात. पण औषध शरीरात काही तासच टिकते. म्हणून त्याच्या जोडीला रक्तात दीर्घकाळ राहणारे दुसरे औषध द्यावे लागते. पहिले मुख्य फौज मारते, दुसरे लपलेले वेचून काढते. या संयुक्त उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून केली आहे.

आपल्या देशाला या औषधाची गरज फार होती. नियंत्रणात आलेला हिवताप पुन्हा उसळला आणि १९७६ मध्ये ६४ लाख रोग्यांची नोंद झाली. क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतू १९७३ मध्येच आसामात आढळला होता. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने या रोपाची 'जीवनरक्षा' ही सत्त्वसंपन्न जात आपल्या हवामानासाठी तयार केली, आणि त्याच शहरातील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने आर्टिईथर हे इंजेक्शन विकसित केले. मेंदूपर्यंत पोचलेल्या गंभीर हिवतापात पूर्वी क्विनाईनच देत असत. त्याच्याशी आर्टेसुनेटची तुलना आशियातील चार देशांत झाली; राउरकेला येथील रोगीही त्यात होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १४६१ रोग्यांपैकी क्विनाईन घेणाऱ्यांत शंभरी २२ दगावले, आर्टेसुनेट घेणाऱ्यांत १५. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड येथील आमच्या वाचकांना हे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

आता त्या चहाविषयी. छिंग-हाओची सुकी पाने कढत पाण्यात टाकून केलेले पेय हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. कारणे साधी आहेत. सत्त्व पाण्यात फार थोडे विरघळते. एका रोपात ते दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकते. फुलण्याच्या आधी अधिक, नंतर कमी. साठवण व उकळणे यांत आणखी घट होते. तेव्हा एका पेल्यात किती औषध आहे हे देणाऱ्याला माहीत नसते व घेणाऱ्यालाही नसते. ताप एकदोन दिवस उतरतो, घरात निःश्वास सोडला जातो, आणि रक्तात शिल्लक राहिलेले जंतू आठवड्या-दोन आठवड्यांनी परततात. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात लहान मूल किंवा गरोदर स्त्री यांना इतका अवधी मिळेलच असे नाही. चोवीस तासांतही प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते.

दुसरी हानी घराबाहेरची. अपुऱ्या मात्रेत जे जंतू तगतात ते औषधाशी झुंजण्यास शिकलेले असतात. पश्चिम कंबोडियात, थायलंडच्या सीमेलगत, आर्टेमिसिनिनने सावकाश मरणारे जंतू २००८-०९ मध्ये दिसून आले. नुसते आर्टेसुनेट, तेही अपुरे किंवा बनावट, त्या भागात वर्षानुवर्षे विकले जात होते. २०२० मध्ये तसेच जंतू रवांडात सापडले व पुढील वर्षी युगांडात. भारताने जोडीदाराशिवाय तोंडाने घ्यावयाच्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर २००९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीने. क्लोरोक्विनच्या मागे हे औषध उभे होते. याच्या मागे तितके भक्कम औषध दीर्घकाळ रांगेत नव्हते.

तेव्हा घरात कोणास थंडी वाजून ताप आला, विशेषतः जंगलभागातून किंवा दुसऱ्या प्रांतातून प्रवास करून आल्यावर, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना कोठे गेलो होतो हे आपण होऊन सांगावे. दिवस गेले असतील तर तेही सांगावे, कारण त्यावरून औषध ठरते. गोळ्यांचे पाकीट तीन दिवसांचे असेल तर तीन दिवस घ्यावे. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवण्याची आपल्या घरांतील काटकसर येथे उपयोगाची नाही. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात यकृतात दडून राहणाऱ्या जंतूंसाठी पंधरवडाभर निराळ्या गोळ्या देतात. त्याही अर्ध्यावर सोडू नयेत.

छिंग-हाओचे बी मिळते आणि ती कुंडीतही येते, परसात लावावी काय, असेही कोणी विचारील. लावण्यास हरकत नाही, पण तिचे परागकण हवेत पसरतात व ज्यांना दम्याचा किंवा शिंकांचा त्रास आहे त्यांना ते सोसत नाहीत. शिवाय रोप पुरुषभर वाढून बाकीच्या झाडांचे ऊन अडविते. वासाची हौस असेल तर आपला दवणा अधिक बरा. हिवाळ्याच्या आरंभी बी पेरावे, ते मातीने जाड झाकू नये, पाणी झारीने हलकेच द्यावे. रोप वीतभर-हातभरच वाढते, आणि देवास वाहण्यापुरत्या काड्या घरच्या मिळतात.